पट्ट्याच्या उंचीचा हौदा

माझे मोठे दीर कुठल्याही गोष्टीचं माप स्वतःच्या अंगावर घेतात. टाकीत पाणी किती आहे विचारलं तर म्हणतात, मांडीला आलंय. कपाट केवढं घ्यायचं, तर कानाच्या पाळीएवढं. घरात टेप आहे. तो माझ्या शिवणाच्या डब्यात असतो आणि भाऊजी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघतात. टेप ताणला की खोटं बोलतो, असं त्यांचं मत आहे. टेप कापडी असल्यामुळे ते अगदीच चूक नाही, पण हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

लग्न ठरल्यावर ते एकदाच आमच्या घरी आले होते. दारात उभे राहिले, माझ्याकडे एकदा पाहिलं, पाणी प्यायले आणि निघून गेले. मला वाटलं, माणूस चांगलाच घमेंडखोर दिसतोय आणि आता अख्खं आयुष्य याच्यासोबत एका छपराखाली काढायचंय. लग्न होऊन घरात आले तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या नव्याने ठोकलेल्या. मी बुटकी आहे. माहेरी वरचा डबा काढायला स्टूल लागायचं. इथे हात वर केला की डबा हातात. फळ्यांच्या जुन्या खिळ्यांची भोकं वर भिंतीत अजून दिसतात. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दादा तुला दाराच्या कडीशी मोजून आला होता.

दोघा भावांची मिळून एक छोटी पिकअप आहे. नवरा चालवतो, भाऊजी भरतात. मी फरश्यांच्या एका दुकानात बिलं करते आणि तिथलाच माल हे दोघं गिऱ्हाइकांकडे पोचवतात. दुकानामागे मातीचं मोठं आवार आहे, त्याच्या कडेला गोदाम, आणि माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून दोन्ही दिसतं. त्यामुळे माझं निम्मं काम बिलांचं असतं आणि निम्मं खिडकीचं. मालकांना हे ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत, कारण ते स्वतः दुसऱ्या खिडकीत असतात.

फरशीची पेटी दिसायला एवढीशी असते आणि उचलताना जन्मात शिकलेल्या सगळ्या शिव्या आठवतात. बाकीचे हमाल ती झटक्यात खांद्यावर घेतात आणि चाळिशीत मलमाच्या वासासकट हिंडतात. भाऊजी पेटी उचलत नाहीत. ते तिला वर पाठवतात. आधी गुडघ्यावर. गुडघ्यावरून कमरेच्या पट्ट्यावर. आणि तिथून नुसती पुढे ढकलायची की ती हौद्यात, कारण गाडीच्या हौद्याची कड बरोबर त्यांच्या पट्ट्याला लागायची. गाडी घ्यायला गेले तेव्हा नवरा इंजिनाचा आवाज ऐकत होता, कागद बघत होता. भाऊजींनी मागचा फाळका पाडला, कडेला पोट लावून उभे राहिले आणि म्हणाले, घे. बस्स, गाडीची तपासणी झाली.

साठीला टेकले तरी त्यांचं हे चालू होतं. त्यांचं लग्न राहून गेलं. म्हणजे कुणी आडवं आलं असं नाही, त्यांनीच कधी विषय काढला नाही आणि पुढे तो काढायचा कुणी, हा प्रश्न उरला. भरणं सोडून त्यांना दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी ते घरात अशा जागी बसतात की सगळ्यांना त्यांना वळसा घालून जावं लागतं. कामाच्या दिवशी मात्र आवारातला सगळ्यात सुखी माणूस कोण, तर हे. तसं ते तोंडावर दिसू देत नाहीत.

सगळं नीट चाललं होतं, तोवर टेकडीवर नवी वस्ती उभी राहायला लागली. घरं झाली, रस्ता व्हायचा होता. दुकानातून निघणारा निम्मा माल तिकडे जायला लागला आणि आमची गाडी रोज दगडांवर पोट घासून यायला लागली. मागच्या ॲक्सलच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा फुगवटा असतो, गिअर असतात त्यात. तो नेमका दगडाला लागायचा. एकदा फुटला असता तर गाडी तिथेच बसली असती आणि तिच्याबरोबर आम्ही.

नवऱ्याने या संकटावर एक उपाय आधीच काढून ठेवला होता. संकट यायच्या कितीतरी आधी. त्याला मोठे टायर हवे होते. रस्त्यात दुसऱ्या एका पिकअपला बघितले होते त्याने, आणि तेव्हापासून जेवताना अधूनमधून घास हातात धरून कुठेतरी बघत बसायचा. टायरवाल्याने सांगितलं, टायर मोठे घालायचे तर ॲक्सलही दणकट घाला, कंपनीचा ॲक्सल एवढ्या टायरांसाठी नाही, गाडीची ओढ कमी होईल. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मग भाऊजी गाडीखाली गेले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आले आणि म्हणाले, आहे त्याच ॲक्सलवर बसतील, सांभाळून चालवलं तर चालेल. पुढचे मात्र बदलायचे नाहीत, चाक वळवताना घासतील. नवऱ्याने विचारलं, नुसते स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी उचलली तर? भाऊजी म्हणाले, पाट्यांनी हौदा वर जातो, भोपळा आहे तिथेच राहतो. भोपळा वर जायचा तर टायरच मोठा लागतो. एका दमात ते एवढं बोलले, हे मी त्या वर्षी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी दारातच काम झालं. जॅक लावला, जुनी चाकं उतरवली, नवी चढवली. भाऊजींनी टायर आणि मडगार्डच्या मध्ये मूठ घालून पाहिली. मूठ आरामात फिरली. नवऱ्याने चाक हाताने गरगर फिरवून दाखवलं. कुठेही काही लागत नव्हतं. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. पुढची चाकं जुनीच असल्यामुळे गाडी नाकावर कलली होती, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी. हे मी बोलले तेव्हा दोघा भावांनी माझ्याकडे एकाच वेळी पाहिलं, म्हणून मी चहा करायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली आणि आवाराच्या फाटकापर्यंत जाता जाता रबर जळाल्याचा वास सुटला. माल पडल्यावर हौदा खाली बसला होता आणि मडगार्ड टायरवर टेकलं होतं. सगळं माप रिकाम्या गाडीवर घेतलेलं. दोन कर्ते पुरुष, जन्म गेला गाडी भरण्यात, आणि भरलेली गाडी खाली बसते हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी हसले नाही. मी बिल फाडत होते आणि ते जरा जोरात फाडलं गेलं एवढंच.

यावर उपाय भाऊजींनीच केला. मागच्या स्प्रिंगमध्ये दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. घासणं थांबलं. टेकडीवर गाडी दगड ओलांडून गेली आणि भोपळ्याला ओरखडासुद्धा आला नाही. चढावर इंजिन कण्हायचं, क्लचचा वास यायचा, पण नवरा म्हणायचा की तो वास आधीपासूनच होता. तो खूश होता. जेवताना आता घास वेळेवर तोंडात जात होता.

पण टायरांनी हौदा उचलला, पाट्यांनी आणखी उचलला, आणि दोन्ही मिळून त्याची कड भाऊजींच्या पट्ट्यावरून निघून जवळजवळ बरगड्यांना जाऊन टेकली.

मला ते खिडकीतून दिसलं. गुडघा झाला, पट्टा झाला, आणि भाऊजी तिथेच थांबले. पुढे ढकलायला समोर हौदा नव्हता, गाडीचा पत्रा होता. मग त्यांनी पेटी हातांनी वर उचलली. उजवा खांदा वर जाताना त्यांनी मान वाकडी केली आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की हा माणूस गेले कितीतरी महिने केस डाव्या हाताने विंचरतोय. शर्ट वरच्या खुंटीऐवजी खुर्चीच्या पाठीवर टाकतोय. मी रोज तो शर्ट उचलून खुंटीला लावत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. खांदा गेला होता त्यांचा. पट्ट्याच्या वर हात न्यावाच लागत नव्हता म्हणून ते कुणाला कळलं नाही.

पुढे काही दिवस त्यांनी पायाखाली लाकडी खोका घेतला. खोक्यावर चढायचं तर पेटी आधी जमिनीवरून हातात घेऊन चढावं लागतं. ते जमेना. मग पहिली रांग नवराच भरायला लागला, सहज मदत केल्यासारखी, कारण रिकामा हौदा सगळ्यात उंच असतो. माल पडेल तसा तो खाली येतो आणि शेवटच्या पेट्या भाऊजींना जमायच्या. नवऱ्याला वाटलं, दादा हल्ली जरा सावकाश करतोय, वय झालं. विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. त्याच्या डोक्यात टायरच होते. आणि भाऊजी लपवतात ते आपण कसं सांगायचं, म्हणून मीही बोलले नव्हते.

एका शनिवारी नवरा गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता आणि भाऊजींनी वाट न बघता पहिली रांग स्वतः धरली. तिसरी की चौथी पेटी. ती हौद्याच्या कडेला टेकली, क्षणभर थांबली आणि परत आली. त्यांनी पाय बाजूला घेतला म्हणून निभावलं. आत माल किती फुटला हे पेटी न उघडताच कळत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून पेटी पडलेली आवारात कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे कुणी धावलंही नाही. सगळे जिथल्या तिथे उभे. भाऊजी खाली बसून तुकडे एका बाजूला करायला लागले, नीट, मोठे खाली आणि लहान वर.

मालक वाईट माणूस नाही. त्यांनी फुटलेल्या मालाचं नावसुद्धा काढलं नाही. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या दिरांना आता बसून करायचं काम देऊ. सोमवारपासून भरायला दुसरा माणूस येतोय. ते पेट्या मोजतील." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते गेले आणि सांगितलं. भाऊजी म्हणाले, बरं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मी या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले आहे, आणि त्या "बरं"नंतर माझी एकाच बिलाची बेरीज तीनदा चुकली.

रविवारी ते नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या वाटेत बसले होते. नवरा गाडी धूत होता. मी भाजी निवडायला त्यांच्या समोर जाऊन बसले आणि मनात जे खदखदत होतं ते विचारलं.

"हौदा एवढा वर जाईल हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं."

"आणि खांद्याचं?"

"ते माझं मलाच माहीत असणार ना."

"मग टायर का बसू दिले? तुम्ही नाही म्हणाला असता तर त्याने हूं की चूं केलं नसतं."

त्यांनी माझ्या ताटातली एक जून शेंग उचलून बाजूला टाकली. "भोपळा फुटला असता," ते म्हणाले. मग दुसरी शेंग उचलत, "आणि त्याला हवे होते."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. अशा चांगुलपणाचा काय उपयोग, जो घरातल्या माणसांना चोर ठरवतो? भाजी तशीच टाकून मी बाहेर गेले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. खांदा, कंगवा, शर्ट, सगळं. तो हातात ओलं फडकं घेऊन ऐकत होता. मोठ्या टायरवर त्याने इतकं प्रेमाने पाणी मारलं होतं की त्यात आभाळ दिसत होतं. ऐकून झाल्यावर तो त्याच टायरला पाठ टेकून खाली ओल्यात बसला. शेवटी म्हणाला, टायर काढतो. मी म्हटलं, काढ, म्हणजे टेकडीचं काम जाईल आणि ते कुणामुळे गेलं हे भाऊजी रोज मोजत बसतील. त्यापेक्षा पेट्या मोजलेल्या बऱ्या. उपाय मलाही सुचत नव्हता. मी नुसतीच तणतणत होते.

सोमवारी सकाळी जाग आली तेव्हा नवरा कुदळ, फावडं आणि घमेलं गाडीत टाकत होता. मग त्याने दोरीवर वाळत घातलेली भाऊजींची कामाची पँट काढली, पट्ट्यासकट घडी केली आणि पुढच्या सीटवर ठेवली. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी गाडीत बसले आणि वाटेत ती पँट मांडीवर धरली.

आवारात त्याने गाडी नेहमीच्या जागी, गोदामाच्या दारासमोर लावली. मागच्या चाकांच्या जागी मातीत खुणा केल्या, गाडी पुढे घेतली आणि खणायला लागला. दोन लांबट खड्डे. थोडं खणायचं, गाडी मागे घेऊन चाकं खड्ड्यात उतरवायची, फाळका पाडायचा आणि मग पँट हौद्याच्या कडेला लावून धरायची. पट्टा कडेशी, पायाचं टोक जमिनीशी. नवरा भाऊजींपेक्षा चांगला वीतभर उंच आहे, स्वतःचं माप त्याला चालणार नव्हतं. तर असा तो त्या उजाड आवारात दादाची रिकामी पँट गाडीला लावून एक डोळा मिटून बघत उभा, आणि पट्टा अजून खाली. पुन्हा गाडी पुढे, पुन्हा कुदळ. मी घमेल्याने माती काढत होते. साडीला चिखल लागला होता आणि मला मेले तरी हसू थांबेना, आणि त्यातच रडूही येत होतं, आणि नवरा मला म्हणत होता, माती बघून टाक.

पुढच्या बाजूला त्याने लांब उतार काढला, भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये वर यावी म्हणून. मोठ्या टायरांनी गाडीची ओढ कमी झाली आहे, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं. तेही कुदळीकडे बघून.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी खड्डे पाहिले, गाडी पाहिली, पँट पाहिली. आवारात यंदा फरशी घालायचा त्यांचा विचार होता. तसा तो दरवर्षी असतो. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? नवऱ्याने सांगितलं, गाडी खाली घेतोय.

"पण टायर तर गाडी वर घ्यायला बसवले होतेस ना?"

"तिकडे वर हवीय. इथे खाली."

मालकांनी पुढे होऊन हौद्याच्या कडेवर हात ठेवला, खाली चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले की नव्या माणसाला गोदामात आत लावतो, आत माणूस कमीच पडतो. फरशीचं नंतर बघू.

भाऊजी नेहमीच्या वेळेला आले. पेट्या मोजायला आले होते. कामाची पँट दोरीवर सापडली नाही म्हणून इस्त्रीची घातली होती, आणि त्यात ते कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे दिसत होते. फाटकातून आत आले आणि थांबले. सगळं आवार त्यांच्याकडे न बघण्याचं काम करत होतं. नवरा मातीने माखलेला, मी माखलेली, आणि फाळक्यावर त्यांची पँट.

त्यांनी पँट उचलून घडी केली, बाजूला ठेवली. मग गाडी घेताना उभे राहिले होते तसे फाळक्याशी पोट लावून उभे राहिले. दोन्ही हात हौद्यात टेकले. वाकून आधी एका चाकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. नवरा परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा होता.

"एक बोट खोल झालं," भाऊजी म्हणाले.

"तुझी पँट धरून माप घेतलं, दादा."

"घातलेली पँट जमिनीला टेकत नसते."

नवऱ्याने लगेच फावडं उचललं. "बोटभर माती भरून घेतो. आत्ता होईल."

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "मी खचतच चाललोय. दोन-चार वर्षांत बरोबर येईल."

आणि त्यांनी पहिली पेटी गुडघ्यावर घेतली.